पणसाहेबांचा सातवा पण

त्यांचं खरं नाव टेबलावरच्या लाकडी पट्टीवर कोरलेलं होतं आणि ती पट्टी बारा महिने फायलींच्या मागे असे. त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. बँकेसमोरच्या बाजारात, कुलूपवाल्यापासून काचवाल्यापर्यंत, त्यांना सगळे पणसाहेबच म्हणत. कर्ज विभागात सत्तावीस वर्षं बसलेल्या या गृहस्थांचं वाक्य मोठं ऐटीत निघायचं आणि नेमकं उंबरठ्याशी येऊन ठेचकाळायचं.

"धंदा चांगला आहे तुमचा. कागद चोख आहेत. माणूसही सज्जन आहात, पण..."

यानंतर ते चष्मा काढून पुसायला घेत. चष्मा उतरला की समोरच्याने आपली फाईल उचलायची, हे बाजाराला पाठ झालं होतं. पुढचं वाक्य ऐकायला कुणी थांबत नसे. कुणी थांबलाच तर पणसाहेब दुसरी काच पुसत.

थांबलेली एकच व्यक्ती होती, तिच्याशी त्यांचं लग्न झालं. बायको हा किस्सा आल्यागेल्याला ऐकवते. "मला बघायला आले. म्हणाले, मुलगी चांगली आहे, पण. आणि चष्मा काढला. मी म्हटलं, पण काय? ह्यांना काही सुचेना. मग काय, झालं लग्न!"

पणसाहेब अशा वेळी वर्तमानपत्र जरा वर धरत.

त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर मुख्य कार्यालयाचं प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं. त्यांच्या शिफारशीने दिलेलं एकही कर्ज सत्तावीस वर्षांत बुडालं नव्हतं. इतर शाखांतले लोक यामागचं रहस्य विचारत. रहस्य कसलं डोंबलाचं? ज्याला गरज नाही त्यालाच कर्ज द्यायचं. ढेकर देऊन आलेल्या पाहुण्याला आग्रह करकरून वाढायचं आणि उपाशी आलेल्याला दारातच विचारायचं, जेवून आलात ना?

'पण' या शब्दाला आपल्या भाषेत दुसराही एक अर्थ आहे: पैज. माणूस घर पणाला लावतो, अब्रू पणाला लावतो, शहाणा असेल तर थोडं हातचं राखून लावतो. पणसाहेबांनी जन्मभर लोकांच्या वाक्यांना पण लावला. पणाला मात्र कधी कागदाचा कपटाही लावला नाही.

निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेलं असताना एक परिपत्रक आलं. लहान धंदेवाल्यांना बँका कर्ज देत नाहीत, कारण त्यांच्याकडे गहाण ठेवायला काही नसतं. म्हणून एक हमी फंड उभा केला आहे. कर्ज बुडालं तर निम्मं नुकसान फंड सोसेल, निम्मं बँक. तारण मागायचं नाही. प्रत्येक शाखेने वर्षअखेर अशी बारा प्रकरणं करायचीच.

पणसाहेबांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि ते घेऊन मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजरबाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्या त्यांना साहेब म्हणत आणि ते त्यांना मॅडम म्हणत, त्यामुळे हुकूम कोण कोणाला देतंय हे बाहेरच्याला कळत नसे.

"मॅडम, योजना उत्तम आहे. हेतू चांगला आहे, पण..."

"पण काय, साहेब?"

मॅनेजरबाईंची बदली होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्यांना चष्म्याची खूण माहीत असूनही त्या ती पाळत नसत.

"निम्म्याची हमी फंड देतोय. उरलेल्या निम्म्याची कोण देणार?"

"कुणी नाही. ती जोखीम आपली."

"आपली म्हणजे?"

"बँकेची. आपण व्याज कशाचं घेतो मग?"

पणसाहेब जागेवर येऊन बसले. सत्तावीस वर्षांत ही गोष्ट त्यांना कुणी अशी तोंडावर सांगितली नव्हती.

मात्र ते मुरलेले होते. पंधरा दिवसांत त्यांनी योजनेची नस पकडली. पहिला अर्ज त्यांनी बाजारातल्या सगळ्यात मोठ्या टाइल्सवाल्याचा भरून घेतला. या गृहस्थांची तीन दुकानं होती आणि शाखेत एवढ्या मुदत ठेवी होत्या की दिवसातून कितीही वेळा आले तरी त्यांना चहा मिळे.

"मला कर्ज काय करायचंय हो?" टाइल्सवाले म्हणाले.

"घ्या हो. तारण नको, काही नको. लहान धंद्यासाठी आहे."

"माझा धंदा लहान आहे?"

"तिसरं दुकान लहानच आहे की तुमचं."

टाइल्सवाल्यांनी भिडेखातर कर्ज घेतलं. पणसाहेबांनी तसेच आणखी दहा जण गाठले: ज्यांना कर्ज कालही मिळालं असतं, परवाही मिळालं असतं आणि फंडाशिवाय आजही. फंडाच्या फॉर्मवर तेरावा प्रश्न होता, 'ही हमी नसती तर शाखेने हे कर्ज दिले असते काय?' अकराच्या अकरा फॉर्मांवर पणसाहेबांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'नाही.' चौदावा प्रश्न होता, 'अर्जदार कर्ज फेडेल असे शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्यास व्यक्तिशः वाटते काय? (फक्त होय किंवा नाही. सशर्त मत ग्राह्य धरले जाणार नाही.)' तिथे त्यांनी अकरा वेळा 'होय' लिहिलं. सगळे अर्ज आठवडाभरात मंजूर झाले.

बाराव्या जागेसाठी त्यांनी टाइल्सवाल्यांचे मेहुणे हेरून ठेवले होते. तेवढ्यात स्प्रिंगवाली आली.

स्प्रिंगवाली दरवर्षी यायची. चाळिशीची, आवाज खणखणीत, बोटांवर तारेचे बारीक ओरखडे. बाजाराच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या शेडमध्ये ती आणि तीन बायका स्प्रिंगा बनवत. शटरच्या, कुलपांच्या, वजनकाट्यांच्या, हव्या त्या. सगळं काम एका जुन्या लेथवर, हाताने तार गुंडाळून. चाकाच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्याला तिच्याकडून दरमहा इतका माल हवा होता की हाताने तो चार महिन्यांतही झाला नसता. त्यासाठी गुंडाळणीचं यंत्र लागत होतं. दुसऱ्या गावातला एक कारखाना बंद पडत होता, तिथलं यंत्र पणसाहेबांच्या दहा महिन्यांच्या पगाराएवढ्या किमतीला मिळत होतं. विकणाऱ्याने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं आणि कारखान्यानेही तेवढंच. यंत्र गेलं की ऑर्डर गेली.

तिने खुर्ची ओढली आणि पिशवीतून एक लांबट वही काढली.

"साहेब, आधी मागचं वाचून दाखवते. पहिलं वर्ष: पण हिशेब लिहिलेले नाहीत. लिहिले. दुसरं: पण तपासनिसाची सही नाही. आणली. तिसरं: पण शेडचा करार नाही. केला. चौथं: पण करार एकाच वर्षाचा आहे. पाच वर्षांचा केला, मालकाने भाडं वाढवलं, ते दिलं. पाचवं: पण मोठी ऑर्डर नाही. सहावं: ऑर्डर आहे, पण तारण नाही." तिने पान उलटलं. "सातव्या पुढे जागा सोडलीय. तारण आता लागत नाही म्हणे. बोला."

सगळी शाखा कान देऊन होती. रोखपालाने नोटा मोजायचं यंत्र बंद केलं.

"तुम्ही हे सगळं लिहून ठेवलंत?" पणसाहेबांनी विचारलं.

"तुम्ही म्हणता ते करायचं असतं ना? मी आपली करत गेले."

केबिनच्या दारात मॅनेजरबाई उभ्या होत्या. "साहेब, आजच फॉर्म भरा यांचा. बारावा."

पणसाहेबांनी फॉर्म भरला. तेराव्या प्रश्नाला 'नाही' लिहिलं. बारा फॉर्मांत त्या प्रश्नाचं ते पहिलं खरं उत्तर होतं. चौदाव्यापाशी पेन थांबलं. ही बाई फेडेल असं व्यक्तिशः वाटतं काय? त्यांना आजवर व्यक्तिशः काही वाटायची वेळच आली नव्हती. वाटायचं ते तारणाला वाटायचं, मुदत ठेवीला वाटायचं. 'नाही' लिहावं, तर सहाही कारणं बाईने एकेक करून निकालात काढलेली. 'होय' लिहावं, तर उद्या एक हप्ता चुकला की सत्तावीस वर्षांच्या पांढऱ्या शर्टावर शाईचा डाग.

बराच विचार करून त्यांनी लिहिलं: 'होय, परंतु अर्जदाराचा पूर्वानुभव पाहता योग्य ती दक्षता घेतल्यास.'

नऊ दिवसांनी फॉर्म फंडाकडून परत आला. त्यावर निळा शिक्का होता: 'सशर्त मत ग्राह्य नाही.'

"साहेब," मॅनेजरबाई म्हणाल्या, "एक शब्द लिहायचाय. दोन अक्षरं. मी लिहिलं असतं, शिफारस तुमच्या टेबलाची असते म्हणून थांबलेय."

"मॅडम, माझी तयारी आहे, पण जागा पाहिलेली नाही."

"मग बघून या ना! चार मिनिटांवर आहे."

पणसाहेब गेले. सत्तावीस वर्षांत कर्जदाराच्या कामाच्या जागी ते पहिल्यांदा जात होते. आत शिरताच बुटांना तेल लागलं. पत्र्याच्या शेडमध्ये लेथ करकरत होता. एक बाई तार धरत होती, दुसरी दांडा फिरवत होती, तिसरी वेटोळी कापून डब्यात टाकत होती. स्प्रिंगवाली स्टुलावर बसून प्रत्येक स्प्रिंग अंगठ्याने दाबून सोडत होती. बारा-पंधरातली एखादी ती बाजूच्या डब्यात फेकायची.

"ती का फेकलीत? चांगली दिसत होती."

"दिसायला सगळ्याच चांगल्या असतात. ही घ्या. दाबा. आता सोडा. आली ना परत? आणि ही दाबा."

दुसरी केसभर आखूड राहिली.

"ही विकायची नाही. पूर्ण परत आली पाहिजे, आमचा एवढाच नियम." मग ती हसली. "तुमचाही तोच की हो."

पणसाहेबांनी चांगली स्प्रिंग खिशात टाकली. शेडमधून बाहेर पडताना त्यांना स्पष्ट, लख्ख वाटत होतं की ही बाई पैसे फेडेल. गल्लीच्या तोंडापर्यंत वाटत होतं. बाजार ओलांडला तेव्हाही बऱ्यापैकी वाटत होतं. टेबलाशी येऊन बसले, मागच्या भिंतीवरचं प्रशस्तिपत्र मानेला जाणवलं आणि वाटणं केसभर आखूड झालं.

त्या दिवशी जेवताना त्यांनी बायकोला सगळी हकीकत सांगितली.

"मग फेडेल का ती?" बायकोने विचारलं.

"फेडेल."

"मग लिहा की."

"अगं, लिहायला हरकत नाही, पण..."

"पण काय?"

पणसाहेबांनी पाणी मागितलं. तांब्या त्यांच्या हाताशीच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्म पुन्हा भरला आणि चौदावा रकाना कोरा सोडला. सशर्त मत चालत नाही, एवढंच फॉर्मवर छापलं होतं; मतच नको असं नाही आणि हवंच असंही नाही. ही पळवाट सापडल्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला. मॅनेजरबाई त्या आठवड्यात मुख्य कार्यालयात होत्या, 'लहान उद्योगांकडे पाहण्याचा नवा दृष्टिकोन' या विषयावरच्या शिबिराला. कोरा रकाना पाकिटात बंद होऊन रवाना झाला आणि पुन्हा नऊ दिवसांनी, महिन्याच्या शेवटच्या तारखेला, परत आला. या वेळचा शिक्का लाल होता.

स्प्रिंगवाली सकाळी दहालाच आली होती. बाकावर तिच्या शेजारी टाइल्सवाले चहा पीत बसले होते. पणसाहेबांनी लाल शिक्का तिच्याकडे फिरवला.

"म्हणजे नाही मिळालं," ती म्हणाली.

"नाही असं नाही. पुन्हा पाठवता येईल."

"यंत्र आज संध्याकाळी जातंय, साहेब." तिने फॉर्म वाचला. कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे फॉर्मचं राहू दे. मलाच सांगा. मी फेडीन असं वाटतं का तुम्हाला?"

पणसाहेबांचा हात चष्म्याकडे गेला.

"मला वाटतं," टाइल्सवाले म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं. टाइल्सवाल्यांनी कप खाली ठेवला. "सहा वर्षांमागे माझ्या शटरची स्प्रिंग तुमच्याकडूनच नेली होती ना? रोज दोनदा शटर वरखाली होतं. अजून तुटली नाही. किती हवेत?"

तिने आकडा सांगितला.

"दुपारी घेऊन जा. मला यांनी घ्या घ्या करून दिलेत, तेव्हापासून पडूनच आहेत. महिन्याला दोन टक्के."

"बँकेच्या दुपटीहून जास्त होतात हो."

"मग बँकेचं घ्या की!" टाइल्सवाले म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले.

पणसाहेब खुर्चीत ताठ झाले. "हे नियमात बसत नाही. हे कर्ज तुम्हाला धंद्यासाठी दिलंय. लहान धंद्यासाठी."

"हा काय, समोर बसलाय लहान धंदा. मी तर योजना राबवतोय तुमची!"

स्प्रिंगवालीने थोडा वेळ हिशेब केला. ओठ हलत होते. मग ती उठली. जाण्यापूर्वी वही उघडली, सातव्या ओळीवर काहीतरी लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. पणसाहेबांना उलटं वाचता येत होतं. कर्ज विभागातल्या माणसाला ते यावंच लागतं. तिने लिहिलं होतं: 'काही बोलले नाहीत.'

मॅनेजरबाई शिबिराहून नवा दृष्टिकोन घेऊन परतल्या तेव्हा मेहुण्यांचा फॉर्म टेबलावर तयार होता. त्यांनी त्यावर सही केली, कारण वर्षअखेर त्यांचीही होती. बारा झाले. वार्षिक अहवालात शाखेचा खास उल्लेख आला: हमी योजनेचा निधी या शाखेने लहान उद्योगांपर्यंत यशस्वीपणे पोचवला. अहवालातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. निम्मी जोखीम फंडाने घेतली, निम्मी बँकेने आणि उरलेली सगळी एका टाइल्सवाल्याने, सहा वर्षं न तुटलेल्या स्प्रिंगच्या भरवशावर. व्याजही त्यानेच घेतलं.

दहा महिने गेले. पणसाहेबांच्या निवृत्तीला चार दिवस उरले. निरोपाच्या भाषणांत 'एकही कर्ज बुडालं नाही' हे वाक्य कोणी म्हणायचं यावरून रोखपाल आणि शिपाई यांच्यात बोलणी चालली होती. पणसाहेब मात्र खिशातली स्प्रिंग दाबत बसत. दहा महिने दाबूनही ती पूर्ण परत येत होती आणि त्याचा त्यांना हल्ली राग येऊ लागला होता.

त्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून स्प्रिंगवालीला बोलावलं. ती आली, सोबत एक तरुण बाई होती. ती दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"बसा," पणसाहेब म्हणाले. "तुमच्याकडे आता यंत्र आहे. ऑर्डर आहे. त्या टाइल्सवाल्यांचं महागडं कर्ज कशाला ठेवता? आपण इथून देऊ, निम्म्या व्याजाने. धंदा चांगला आहे तुमचा. कागद चोख आहेत. माणूसही सज्जन आहात."

ते थांबले. स्प्रिंगवालीही थांबली.

"पुढे?" तिने विचारलं.

"पुढे काही नाही. देतोय."

"नाही, मला सवय नाही हो. पुढचं ऐकल्याशिवाय उठावंसं वाटत नाही."

रोखपालाला खोकला आला. पणसाहेबही ओशाळं हसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाक्य सुखरूप पलीकडे पोचलं होतं आणि त्यांना बरं वाटत होतं.

"टाइल्सवाल्यांचं मागच्याच महिन्यात फिटलं," ती म्हणाली. "व्याजासकट. आता मला नको." तिने बाकाकडे हात केला. "हिला द्या. आमच्या शेजारच्या शेडमध्ये ब्रश बनवते. बाटल्या धुवायचे, कारखान्यातले, सगळे. हात बघा तिचे, काम कळेल. तारण काही नाही. योजना आहे ना अजून? निम्मं फंडाचं. तुमच्या निम्म्याची भीती वाटत असेल तर त्यातल्या निम्म्याला मी जामीन उभी राहते, लिहून देते. मग उरतो चतकोर. तेवढा तरी घ्याल?"

ब्रशवाली उठून टेबलाशी आली. तिने फाईल पुढे ठेवली. नवी कोरी फाईल, कोपरे अजून न दुमडलेले. पणसाहेबांनी ती उघडली. हिशेब होते. करार होता. दोन ऑर्डरी होत्या. फायलीमागच्या फॉर्मातून चौदावा रकाना बघत होता. चारच दिवस उरले होते. हे कर्ज बुडालं असतं तरी ते बुडेपर्यंत पणसाहेब घरी बसून वर्तमानपत्र वाचत असते. डाग लागायलासुद्धा शर्ट उरला नव्हता.

त्यांनी वर पाहिलं. मॅनेजरबाई केबिनच्या दारात होत्या. रोखपालाचं यंत्र बंद होतं.

"धंदा चांगला दिसतोय," पणसाहेब म्हणाले. "कागद चोख आहेत." त्यांनी खिशातली स्प्रिंग घट्ट दाबून धरली. "तुम्हीही सज्जन दिसता..."

त्यांचा दुसरा हात चष्म्याकडे निघाला. तो त्यांनी थांबवायचा प्रयत्न केला, हे सगळ्यांनी पाहिलं. चष्मा उतरला.

"...पण."

स्प्रिंगवालीने पिशवीतून एक नवी वही काढली आणि ब्रशवालीच्या हातात दिली.

"तारीख टाक," ती म्हणाली. "आणि लिहून घे. पहिला."